पत्रास कारण की...

मित्रांनो, 'ऑफिसचा ई-मेल कसा लिहावा' या विषयावरचा लेख मासिकात कोणीच वाचत नाही, हे मला माहीत आहे. मीही पान उलटलं असतं. हा विषय आपल्याला फर्स्ट इयरला कम्युनिकेशन स्किल्समध्ये होता, पाच मार्कांचा. परीक्षेच्या आदल्या रात्री मेसच्या रांगेत उभं राहून आपण सगळ्यांनी तो पाठ केला होता. मला त्यात पाचपैकी चार मिळाले होते. तरीही माझ्याच एका मेलमुळे वैनगंगेच्या काठावरचं एक पाल वाहून गेलं. म्हणून हा लेख.

थर्ड इयर संपल्यावरच्या सुट्टीत मी सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी गोसीखुर्दला गेलो होतो. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत बस पवनीला जाते आणि तिथून पुढे धरण. सिव्हिलवाल्यांना गोसीखुर्द सांगायला नको, पण कॉम्प्युटर आणि मेकॅनिकलच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेलं हे धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, पुढे खर्च कितीतरी पटींनी वाढला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषणा झाली. लांबी अकरा किलोमीटरच्या वर, आणि दरवाजे ३३. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची अशी योजना. पहिल्या दिवशी धरणाच्या माथ्यावर उभा राहिलो तेव्हा एका बाजूला समुद्रासारखं पाणी होतं, आणि त्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं मला चहावाल्याने बोटांवर मोजून सांगितली. आपण पुस्तकात 'सबमर्जन्स' असा एक शब्द लिहून मोकळे होतो, त्याचा अर्थ मला तिथे कळला.

मी होतो एका खाजगी ठेकेदाराकडे. धरणाच्या खालच्या बाजूला कालव्यावरची छोटी बांधकामं चालू होती. त्यासाठी लागणारं पाणी नदीतून उचलायला काठावर डिझेल पंप बसवला होता. पंपाची राखण करायला बालाघाटकडून आलेलं एक कुटुंब तिथेच पाल ठोकून राहत होतं. नवरा, बायको आणि चौथीतला एक मुलगा. साईटचे सुपरवायझर काका पवनीकडचेच, पंचवीस वर्षं मातीत काम केलेले. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाबू' म्हणायचे.

माझं इंग्रजी बरं म्हणून साहेबांनी माझ्याकडे मेलचं काम दिलं. कामाची प्रत्येक सूचना मेलवरच द्यायची, म्हणजे रेकॉर्ड राहतं, असा त्या ऑफिसचा नियम होता. मी खूश! हॉस्टेलवर फोन करून मित्रांना सांगितलं, 'अरे, मी ऑफिशियल कॉरस्पॉन्डन्स बघतोय.'

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी धरणाची सूचना ऑफिसात आली. उद्या सकाळी १० पासून काही दरवाजे उघडणार, नदीपात्रातल्या आणि काठावरच्या लोकांनी सामानसुमान हलवावं. सूचना मराठीत होती, चार ओळींची. तारीख, वार, वेळ, दरवाजे किती, मीटर किती, सगळं त्यात होतं. साहेब नागपूरला गेलेले. ते फोनवर म्हणाले, 'सुपरवायझरना फोन कर आणि मेलही टाक. मला कॉपी ठेव.'

मी फोन केला. पाऊस चालू होता, फोन लागला नाही. पुन्हा केला, लागला नाही. मग मी मेल लिहायला बसलो, आणि इथेच माझ्यातला पाचपैकी चार मार्कवाला जागा झाला. मेलची कॉपी साहेबांना जाणार होती ना! ती चार ओळींची मराठी सूचना मी इंग्रजीत 'सुधारायला' घेतली. विषय लिहिला, 'रिगार्डिंग वॉटर'. मग 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबोव्ह सब्जेक्ट, आय वुड लाईक टू ब्रिंग टू युअर काइंड नोटीस...' अशी सुरुवात. त्यानंतर यंदाच्या पावसाबद्दल एक परिच्छेद. मग जलाशयाच्या पातळीबद्दल एक परिच्छेद, त्यात मी नुकतंच शिकलेलं सगळं ओतलं. आणि सातव्या-आठव्या ओळीत कुठेतरी, गेट्स टुमारो सकाळी दहाला उघडणार असल्याने पंप हलवावा अशी नम्र विनंती. दोनदा वाचला. स्पेलिंग तपासली. रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी सेंड केलं आणि समाधानाने झोपलो. साईट ऑफिसपासून आठ किलोमीटर होती. ऑफिसची मोटारसायकल दाराशी उभी होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'फोन लागला नाही' हे वाक्य नंतर मी बऱ्याच जणांना ऐकवलं, पण मोटारसायकलचं कोणाला सांगितलं नाही.

काकांच्या फोनला सकाळी साडेसातला रेंज आली. त्यांनी मेल उघडला. वरवर बघितला, खाली सरकवला, 'टुमारो' दिसलं. सकाळी वाचणाऱ्या माणसाचा टुमारो म्हणजे दुसरा दिवस. काकांनी विचार केला, आज स्लॅबचं काम उरकून घेऊ, पंप संध्याकाळी काढू.

दहाला भोंगा वाजला.

भोंग्यामुळे माणसं वाचली. ते तिघं धावत वर आले. पण पाणी चढायला लागल्यावर पंप काढायला वेळ मिळाला नाही, आणि पालातलं सामान तर नाहीच नाही. मी साडेअकराला पोचलो तेव्हा जिथे पाल होतं तिथे मातकट पाणी वाहत होतं. पत्र्याची एक पेटी आणि तांदळाचं अर्धं पोतं तेवढं त्यांनी ओढून काढलं होतं. ती बाई ताडपत्रीवर ओले तांदूळ पसरत होती आणि मुलगा शाळेच्या पुस्तकाची पानं एकेक करून सोडवत होता. तिने मला विचारलं, 'भैया, मालूम था तो रात को बोल देते.' तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

काकांनी शिवी दिली नाही. खिशातून फोन काढला, माझा मेल उघडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, 'बाबू, इंग्रजी चांगली लिवतं तू. पण हे टुमारो म्हणजे कोणाचं? लिहिणाऱ्याचं का वाचणाऱ्याचं?'

मित्रांनो, चार वर्षांत माझे अनेक व्हायवा झाले. एवढा अवघड प्रश्न कोणी विचारला नाही. 'ध'चा 'मा' करून १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा घात झाला अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात निदान कोणाचा तरी हेतू होता. मी काहीच वाईट हेतूने केलं नव्हतं. सूचनेतली तारीख काढली आणि तिच्या जागी 'टुमारो' घातलं, एवढंच. चांगल्या हेतूने, चांगल्या इंग्रजीत!

त्या संध्याकाळी काकांनी मला धरणाच्या विसर्गाचा एक जुना संदेश दाखवला. असे संदेश पावसाळ्यात तिकडे सगळीकडे फिरतात. ३३ पैकी किती दरवाजे, किती मीटरने, किती वाजता, विसर्ग किती. ना 'रिस्पेक्टेड', ना 'काइंड नोटीस'. काका म्हणाले, 'यात पाच क हायेत. काय, किती, कुठं, केव्हा, कोणी. एक जरी क सुटला का पाणी घरात.' तो संदेश लिहिणाऱ्याला माहीत असतं की वाचणारा घाईत आहे, छत्रीखाली आहे, त्याच्या फोनची बॅटरी संपत आली आहे, आणि त्याला त्यातून फक्त एकच गोष्ट ठरवायची आहे : आपण उठायचं की नाही.

किती बारीक गोष्टी असतात बघा. हे संदेश क्युमेक्समध्ये येतात, म्हणजे सेकंदाला इतके घनमीटर. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये पुष्कळदा क्युसेक असतं, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. एका क्युमेकचे ३५ क्युसेक होतात. मेलमध्ये आकडा बरोबर आणि एकक चूक असेल, तर पूर पस्तीस पटींनी लहान किंवा मोठा होतो! आणि नाव? गोसीखुर्द धरणाचं अधिकृत नाव इंदिरासागर. पण मध्य प्रदेशात नर्मदेवर खंडवा जिल्ह्यात आणखी एक इंदिरासागर आहे, गोसीखुर्दपेक्षा कितीतरी मोठं. शिवाय आपल्याच धरणाला कोणी गोसीखुर्द लिहितं, कोणी गोसेखुर्द. विषयाच्या जागी नुसतं 'इंदिरासागर' टाकलं तर वाचणाऱ्याने कोणतं समजायचं? आणि सहा महिन्यांनी तो मेल शोधायचा म्हटला तर सापडणार कसा?

हे सगळं अतिशयोक्तीचं वाटत असेल तर ऑगस्ट २०२० आठवा. महिन्याच्या शेवटी मध्य प्रदेशात तुफान पाऊस झाला, वर संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरात पाणी शिरलं, आणि खाली ब्रह्मपुरीकडची, गडचिरोलीकडची गावं पुराने वेढली. काकांचे एक नातेवाईक तिकडचे. ते सांगतात, त्या दिवसांत प्रत्येक जण दुसऱ्याला एकच विचारत होता : किती सोडलं, केव्हा सोडलं, आपल्याकडे केव्हा पोचणार? वैनगंगेच्या काठी माहिती हीसुद्धा पाण्यासारखीच. वेळेवर पोचली तर उपयोग, नाहीतर नुसता चिखल.

आमच्या कम्युनिकेशन स्किल्सच्या सरांनी फर्स्ट इयरला कोलंबिया यानाची गोष्ट सांगितली होती. तेव्हा मी मागच्या बाकावर जर्नल उतरवत होतो. त्या रात्री ती आठवली आणि नीट वाचून काढली. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया उडालं. त्यात आपली कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच इंजिनिअरांनी त्याचा हिशेब मांडून नासाच्या लोकांना स्लाईड्स दाखवल्या. त्यातल्या एका स्लाईडवर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यांपेक्षा शेकडो पटींनी मोठा होता ही गोष्ट, अगदी तळाशी, बारीक अक्षरात होती. वरचं शीर्षक मात्र दिलासा देणारं. रॉडनी रोचा नावाच्या इंजिनिअरला काळजी वाटत होती. यानाचे फोटो घ्यायला हवेत, असं त्याने विचारलंही. ती मागणी पुढे गेली नाही तेव्हा त्याने एक कडक मेल लिहिला, सहकाऱ्याला दाखवला, पण वरिष्ठांना पाठवला नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी यान परत येताना तुटलं, सातही जण गेले. त्याच वर्षी आलेल्या चौकशी अहवालात ती स्लाईडही आहे आणि तो न पाठवलेला मेलही.

म्हणजे चुका दोन. एक, महत्त्वाचं तळाशी पुरून ठेवणं. दोन, लिहिलेलं न पाठवणं. पहिली मी करून बसलो होतो. दुसरीची वेळ दुसऱ्याच दिवशी आली.

साहेबांचा मेल आला : पंपाच्या नुकसानीचा रिपोर्ट द्या, जबाबदारी कोणाची ते लिहा. बोलणं असं चाललं होतं की पंपाची रक्कम काकांच्या पगारातून वळती होणार. रिपोर्ट टाईप करायचा होता मीच. मी पहिला ड्राफ्ट केला. त्यात सुरेख वाक्य होतं, 'ड्यू टू कम्युनिकेशन गॅप, द पंप कुड नॉट बी शिफ्टेड.' वाचून बघा. या वाक्यात कोणीच काही केलेलं नाही! गॅप आपोआप पडली, पंप आपोआप बुडाला. पाच क पैकी 'कोणी' हा क मी गुपचूप काढून टाकला होता. आणि तो काढला की बिल आपोआप सगळ्यात खालच्या माणसाच्या नावावर जातं, हे कोणाला सांगायला लागत नाही. पालातल्या सामानाचा तर त्यात उल्लेखच नव्हता, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

तो ड्राफ्ट रात्रभर तसाच पडून राहिला. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट अजून साहेबांच्या सहीला होतं, खोटं कशाला बोलू. सकाळी चहा प्यायला गेलो तर तो मुलगा टपरीच्या पत्र्यावर पुस्तक वाळत घालत होता. परत आलो आणि नवा मेल लिहिला, मराठीत. विषयासकट असा होता :

'विषय : पंप व मजुराचं सामान पाण्यात. चूक माझी. दोन निर्णय शनिवार, १३ जुलै, दुपारी १२ पर्यंत हवेत.

धरणाच्या सूचनेत तारीख व वेळ स्पष्ट होती. मी रात्री ११.५५ ला पाठवलेल्या मेलमध्ये तारीख न लिहिता 'टुमारो' लिहिलं. सुपरवायझरनी तो सकाळी वाचला, त्यामुळे एक दिवसाचा घोळ झाला. फोन लागत नसताना मी स्वतः साईटवर गेलो नाही. यात त्यांची चूक नाही.

निर्णय १ : पंपाची रक्कम त्यांच्या पगारातून कापू नये.
निर्णय २ : पंपावरच्या कुटुंबाला पाल, तांदूळ, भांडी, कपडे व मुलाची पुस्तकं यांची भरपाई द्यावी. यादी सोबत जोडली आहे.'

सेंड दाबताना हात थरथरत होता. इंग्रजी एक ओळही नव्हती, आणि माझ्या आयुष्यातला तो पहिला ऑफिशियल मेल होता जो कोणालाही दोनदा वाचावा लागला नाही.

साहेबांचं उत्तर शुक्रवारी आलं, दोन ओळींचं. दोन्ही मान्य. तुमच्या सर्टिफिकेटबद्दल समक्ष बोलू. समक्ष बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण सर्टिफिकेट दिलं! काकांना मेल दाखवला. ते वाचून म्हणाले, 'आता कसं! पत्रास कारण की, पहिल्याच ओळीत.'

आणि खरंच की! आपले आजी-आजोबा पत्र लिहायचे तेव्हा 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' झालं की लगेच 'पत्रास कारण की'. सगळा शिष्टाचार एका ओळीत उरकून कारण पुढे. ई-मेलमधला विषय म्हणजे दुसरं काय? १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने अॅट द रेटचं चिन्ह वापरून पहिला नेटवर्क मेल पाठवला त्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट आमच्या आजीला माहीत होती. आम्हीच विसरलो.

आता थोडं आपल्या हॉस्टेलकडे. परवा रेक्टर सरांनी मला त्यांचा इनबॉक्स दाखवला. विषय 'अर्जंट', आत 'सर प्लीज लुक इनटू द मॅटर'. कोणता मॅटर? कुठली रूम? सर म्हणाले, 'पंखा बंद आहे का पाणी येत नाही ते तरी लिहा रे.' 'बी ब्लॉक, रूम २१४ : नळ सोमवारपासून बंद, प्लंबर हवा' एवढं लिहिलं तर सरांना मेल उघडायचीही गरज नाही. प्लेसमेंट सेलच्या मॅडमची तक्रार वेगळीच. साठ जणांच्या साठ फाईल्स, आणि सगळ्यांचं नाव 'रेझ्युमे फायनल न्यू'. काही मेलमध्ये फाईल जोडलेलीच नाही. एकाने तर सगळ्या बॅचला 'रिप्लाय ऑल' करून 'ओके मॅम' लिहिलं.

म्हणून जे शिकलो ते सांगतो. विषय असा लिहा की तेवढाच वाचून काम सुरू करता येईल. पहिल्या ओळीत लिहा की समोरच्याने काय करायचंय आणि केव्हापर्यंत. आज, उद्या, परवा हे शब्द मेलमधून हद्दपार करा. तारीख, वार, वेळ लिहा. आकड्याला एकक, आणि जागेला पूर्ण नाव. एका मेलमध्ये एकच काम. दोन असतील तर १, २ असे नंबर टाका. जो वाचणार त्याच्या भाषेत लिहा, कॉपी ज्याला जाणार त्याच्या नाही. चूक झाली असेल तर 'गॅप पडली' असं न लिहिता कोणी काय केलं ते लिहा, सुरुवात स्वतःपासून. आणि जिथे जीव किंवा घर पाण्यात जाणार असेल तिथे मेल हे फक्त रेकॉर्ड आहे. तिथे फोन करा, नाही लागला तर मोटारसायकल काढा.

मी अजूनही प्रत्येक मेल पाठवण्याआधी एकदा थांबतो. भाषा सुंदर झाली का, ते बघत नाही. वाचणारा कुठे उभा आहे, तिथे किती वाजलेत आणि त्याच्या पायाखाली पाणी आहे का, एवढंच बघतो.

(अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)